काजव्याची अळी आणि विहीणबाई

मुलीच्या होणाऱ्या सासूबाईंना पहिल्याच भेटीत आंघोळ घालणारा बाप अख्ख्या विश्रांतवाडीत मी एकटाच असेन.

त्या रविवारी आमच्या मृणालचा निखिल आणि त्याची आई वंदनाताई लग्नाची बोलणी करायला येणार होते. नेमकी आदल्याच दिवशी मी भावाच्या शेतावरून कुंड्यांसाठी बादलीभर माती आणून बाथरूममध्ये ठेवली होती. आमच्या बाथरूमला खिडकी नाही. सकाळी दार उघडलं, तर अंधारात मातीवर हिरवट ठिपका चमकतोय. काजव्याची अळी!

"अहो, पाहुण्यांसमोर अळ्या नकोत," शोभा म्हणाली.

"बाबा, प्लीज! आज फक्त नॉर्मल वाग," लेक म्हणाली.

पण चहा संपला, पोहे संपले, विषयही संपले. वंदनाताई कॉलेजात शिकवायच्या, एवढं कळलं होतं. (काय शिकवायच्या, हे मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून इतिहास ठरवून टाकला.)

"चला, एक चमत्कार दाखवतो!" म्हणत मी सगळ्यांना बाथरूममध्ये नेलं. पाच माणसं आत, दार बंद, मिट्ट काळोख.

"पाहिलंत? ही मादी! प्रियकराला साद घालतेय," मी हळव्या आवाजात म्हणालो.

"काहीतरीच काय! अळी आहे ती," अंधारातून वंदनाताई.

"पण ही प्रेमाची हाक..."

"अहो, बाळ आहे ते! अजून कोष व्हायचाय, त्यातून मोठा काजवा व्हायचाय. आत्तापासून कोणाला हाक मारणार?"

"मग उजेड कशाला?"

"मी कडू आहे, मला खाऊ नका, एवढं सांगायला. बेडूक एकदा चव घेतो, थुंकून टाकतो. पुढच्या वेळी उजेड दिसला की लांब राहतो. बेडकालासुद्धा एकदा सांगून कळतं."

"आपण... शिकवायचात काय?"

"प्राणिशास्त्र."

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी "पण मी कुठंतरी वाचलंय..." म्हणत आवेशात हात उचलला. कोपर शॉवरच्या नळाला लागलं. धार थेट वंदनाताईंच्या रेशमी साडीवर!

"आई गं!"

"अहो, बंद करा ते!"

"लाइट लावा!" (बटण बाहेर.)

"दार उघडा!" (दार आत उघडतं आणि दाराला टेकून मी.)

"काका, बाजूला सरका!" निखिल ओरडला. मी सरकलो, ते थेट मातीच्या बादलीत पाय घालून खाली बसलो.

शेवटी वंदनाताई शोभाचा पंजाबी ड्रेस घालून बाहेर आल्या. तळहातावर ती अळी. चिखलातून त्यांनीच शोधून काढली होती.

"हिला मी आमच्या बागेत सोडते. इथे तिच्या जिवाला धोका आहे."

मी मान खाली घातली. मृणालचा चेहरा पांढराफटक.

"लग्न होणार," दुसऱ्या हाताने केस पुसत वंदनाताई म्हणाल्या, "पण आमची एक अट आहे. समारंभात मुलीच्या वडिलांनी भाषण करायचं नाही."

मी तोंड उघडण्याआधीच आमच्या घरच्यांनी अट मंजूर केली. लेकीने तर उभं राहून टाळ्या वाजवल्या!