हीलरसाठी कोणतं चिलखत घ्यावं

आमची टीम पाच जणांची. नवरा पुढे ढाल घेऊन उभा राहणारा, त्याचे घमापूरचे तीन मित्र तलवारी आणि बाण चालवणारे, आणि सगळ्यांच्या मागे मी, हीलर. म्हणजे त्यांनी राक्षसावर धावून जायचं, मार खायचा, आणि मी मंत्र टाकून त्यांच्या जिवाची लाल पट्टी भरत राहायचं. खेळ रविवारी दुपारी. गढा मोहल्ल्यातल्या आमच्या घरी एकाच खोलीत दोन कॉम्प्युटर, मित्र आपापल्या घरून. जिंकलेलं सोनं टीमच्या पेटीत जायचं आणि त्यातून कोणाला काय घ्यायचं ते नवरा ठरवायचा. हा नियम कोणी केला, मला कधीच कळलं नाही.

त्या उन्हाळ्यात पेटी भरली आणि मी म्हटलं, आता माझं चिलखत. हीलरसाठी तीन महागडी चिलखतं होती. उत्तरपत्रिका तपासते त्याच नजरेने मी तिन्ही तपासली. एक पंखवालं, सोनेरी, दिसायला झकास. त्याने मंत्राचा जोर वाढतो. पण आमचे वीर थोडा थोडा मार खाणारे. मोठा मंत्र अर्धा वायाच जाणार. दुसरं अंग वाचवणारं. मी सगळ्यांच्या मागे, मला मारायला येतंय कोण? तिसरं राखाडी, पोत्यासारखं. मंत्रांना जी निळी पट्टी लागते ती त्याने भराभर भरते, आणि लढाई लांबली की माझी नेमकी तीच संपते. मी सांगितलं, राखाडी घ्या.

"काहून पाहिजे तुला?" नवरा म्हणाला. "आपल्यातला कोणी मरून राहिला का?"

"भाभी, आप तो ऐसे ही संभाल लेती हो," एक मित्र म्हणाला.

खरंच, कोणी मरत नव्हतं. तोच माझा गुन्हा. लढाई संपली की पडद्यावर फळा यायचा, राक्षसाला कोणी किती मारलं त्याचा, आणि मी त्यात कायम तळाला. कोण मरता मरता वाचला, याचा फळा त्या खेळात नव्हता. पेटीतल्या सोन्यातून तलवार आली, ती फळ्यावर पहिला येणाऱ्या मित्राला. मी हसून अभिनंदन केलं. आतून अंगाचा तिळपापड झाला होता.

पुढचा राक्षस चिवट निघाला. "निळी संपत आली, मागे या," मी माइकवर ओरडले. कोणी आलं नाही. नवी तलवार चालवून पाहायची होती ना. पट्टी संपली. आधी नवरा पडला, मग बाकीचे, शेवटी मी.

नवऱ्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "तू काय करून राहिली होतीस?"

"सांगून तर राहिली होती."

"मग नीट सांगायचं ना!"

पुढच्या रविवारी मी पोहे करत होते, तेव्हा तो स्वयंपाकघरात आला. इंदूरचा एक हीलर मिळत होता. चांगलं चिलखत दिलं तर येतो म्हणाला होता. "तुलाही जरा आराम," नवरा म्हणाला, अगदी मायेने. "अच्छा सुन, त्या तीनमधलं कोणतं चांगलं म्हणत होतीस? तुझाच अभ्यास आहे त्यातला."

पंखवालं सांगावं, असं फार वाटलं. जिभेवर आलंही होतं. मग डोळ्यांसमोर त्याची लाल पट्टी आली, खाली खाली जाणारी, आणि माझा स्वतःवरच संताप झाला.

"राखाडी," मी म्हटलं.

तो खूश झाला. जाता जाता त्याने पोह्यांची बशी उचलली आणि वर थोडं लिंबू पिळून मागितलं. मी पिळून दिलं.