अमावस्येचा माणूस

द्वारका चौकाजवळच्या त्या गल्लीत नव्या सालचं पंचांग सगळ्यात आधी कुणाच्या घरी यायचं? भटजींच्या नव्हे हो, रंगनाथ कारकुनाच्या! म्हणजे ज्या गृहस्थाने एकाहत्तर साली डोळस मंडळ काढलं आणि मुहूर्त, शकुन, साडेसाती सगळं मोडीत काढलं, त्याच्या. मंडळाचा मेळावा अमावस्येला, सभासदांच्या मुलांची लग्नं अमावस्येला, नवा सदरा घालायचा तोही अमावस्येला, आणि केस कापायचे ते शनिवारीच. आता वाईट दिवस कधी आहे ते पंचांगाशिवाय कळणार कसं? चाळून चाळून त्याची पानं मऊ पडायची. रंगनाथची बायको कलाबाई खिळ्यावरचं ते पंचांग झटकताना स्वतःशीच हसायची.

"लोक काय म्हणतील ही फिकीर ज्याने सोडली तो सुटला," हे रंगनाथचं दर सभेतलं वाक्य. त्यावरच्या टाळ्याही ठरलेल्या. सभा संपली की कलाबाईच्या हातचा शिरा. मंडळी तो प्रसादासारखा उजव्या तळहातावर घेत, कपाळाला लावायचं तेवढं बाकी ठेवत.

सत्त्याहत्तर साली त्याच्या एकुलत्या एक लेकीचं, सगुणाचं लग्न ठरलं. मुलगा गोरक्ष, फौजेत. तिचा त्याच्यावर जीव होता. तारीख अर्थात चैत्रातली अमावस्या. पत्रिका छापायला टाकणार तोच गोरक्षची तार आली. रजा कापली होती, तीनच दिवस मिळत होते, तेही अमावस्येनंतरचे. एक यायचा, एक जायचा, लग्नाला मधला एकच. त्यानंतर वर्षभर सुटी नाही.

रंगनाथने पंचांग काढलं आणि तारखेवर बोट ठेवलं. मधला दिवस अक्षय्य तृतीया! साडेतीन मुहूर्तांतला!

संध्याकाळी मंडळ जमलं. चिटणीस सहादू मास्तरांनी कपाळाला हात लावला. "अहो रंगनाथराव, अक्षय्य तृतीया? आपल्यात चालत नाही! गल्ली काय म्हणेल?"

"मग थांबू वर्षभर," रंगनाथ म्हणाला. "पुढची अमावस्या बघू."

शिऱ्याचं पातेलं घेऊन आलेली सगुणा दारातच थबकली. तिचे डोळे भरून आले, पण आवाज ठाम होता.

"अप्पा, शेजारच्या गोजराबाई शनिवारी केस कापू देत नाहीत. तुम्ही शनिवारीच कापता. पंचांग दोघांचं एकच की हो! मी वर्षभर त्याची वाट बघायची, ती त्या पंचांगापायी?"

रंगनाथला राग आला, लेकीचा नव्हे, स्वतःचा. मग लाज वाटली. शिरा तसाच गार झाला.

लग्न तृतीयेलाच झालं, घरापुढच्या मांडवात, दोन हार घालून. गोरक्षची गाडी दोन तास उशिरा आली, तो आला तीच वेळ. हार पडले मात्र, गोजराबाईंनी अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल असा आवाज लावला, "काय भाऊजी, आलात ना शेवटी मुहूर्तावर!"

सगळी गल्ली खो खो हसली. सहादू मास्तर चपला शोधू लागले. रंगनाथच्या जिभेवर वीस मिनिटांचं उत्तर तयार होतं, तोंडपाठ. त्याने सगुणाकडे पाहिलं. ती श्वास रोखून बापाकडेच बघत होती.

"हो वहिनी, पोरीचं लग्न झालं," तो म्हणाला. "जेवल्याशिवाय जाऊ नका."

लोकांची फिकीर सोडायचं दर सभेतलं ते वाक्य रंगनाथने स्वतः पाळलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, आणि तेव्हा टाळ्या मात्र कुणीच वाजवल्या नाहीत.