चार पानांचं आयुष्य एका पानावर

चार पानांचं आयुष्य मी एका पानावर बसवलं होतं, आणि ज्यांचं ते आयुष्य होतं ते गृहस्थ माझ्या टेबलासमोर उभे राहून वाचत होते. वय सत्तरीच्या घरात, सूट चुरगळलेला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. अमेरिकेच्या संसदेत तीस वर्षं काढलेले खासदार. त्यांच्या मागे आमचे पब्लिक रिलेशन्स मॅनेजर बेकर साहेब उभे होते आणि त्यांचा चेहरा काही बरा दिसत नव्हता.

"हे तुम्ही टाइप केलंत?" खासदारांनी विचारलं.

"येस सर."

"सुबक आहे. पण हा माणूस कोण?"

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी बहारीनमध्ये स्टेनो-टायपिस्ट होतो. आमची कंपनी तेलाच्या टाक्या साफ आणि दुरुस्त करायची. ऑफिस सित्र्याच्या औद्योगिक भागात. हे खासदार अमेरिकेच्या संसदेत कामगारांच्या समितीवर होते. दौऱ्यावर आले असताना आमचं यार्ड बघायचं त्यांनी मागून घेतलं. दुपारी एक वाजता त्यांच्या सन्मानार्थ जेवण, आणि त्याआधी पाहुण्यांना त्यांची माहिती छापून वाटायची होती. त्यांच्या ऑफिसकडून चार पानं आली होती. बेकर साहेब म्हणाले, "शॉर्ट करा." मी केलं.

कसं केलं, ते सांगतो. त्या काळात आखातातल्या प्रत्येक टायपिस्टचा एक जोडधंदा असे, गाववाल्यांचे बायोडेटा टाइप करून देण्याचा. बायोडेटा म्हणजे नोकरीच्या अर्जासोबत जोडायची आपली माहिती. मी कोणाकडून पैसे घेत नसे, पण माझ्या हातचा बायोडेटा चालतो अशी ख्याती होती. माझा नियम एकच: झाकली मूठ सव्वा लाखाची. नापास झालात, लिहायचं नाही. कामावरून काढलं, लिहायचं नाही. मधली दोन वर्षं घरी बसलात, तर तारखा अशा मांडायच्या की ती दोन वर्षं दिसूच नयेत.

खासदारांच्या आयुष्यालाही मी तोच न्याय लावला. पहिल्या दोन निवडणुका ते हरले होते. काढल्या. घटस्फोट काढला. काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी मोर्चात गेले तेव्हा अटक झाली होती. ती तर आधी काढली, कारण पोलीस केस दिसली की इथे साधा वॉचमनचा व्हिसा मिळायची मारामार. शेतमजुरांना कामाच्या जागी सावली आणि प्यायचं पाणी मिळावं म्हणून त्यांनी संसदेत दहा वेळा बिल आणलं आणि नऊ वेळा ते पडलं. मी फक्त दहावी वेळ ठेवली. वर आपल्या पद्धतीप्रमाणे वडिलांचं नाव आणि धर्मही घातला.

"यात मी कुठेच हरलो नाही," खासदार म्हणाले.

"सर, बायोडेटात हरलेलं लिहीत नाहीत."

"का?"

असा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "नोकरी मिळत नाही."

ते मोठ्याने हसले. मग खुर्ची ओढून बसले. "हे बघा, जे बिल पास झालं त्यावर शंभर जणांनी आपलं नाव लावलं. पडलेली नऊ माझी एकट्याची आहेत. ती काढलीत तर मी तीस वर्षं तिथे काय करत होतो, हे लोकांना कळणार कसं?"

बेकर साहेब घड्याळाकडे बघत होते. दहा वाजले होते. मी चारही पानं पुन्हा स्टेन्सिलवर घेतली. स्टेन्सिल म्हणजे मेणाचा कागद. त्यावर टाइप करायचं आणि मशीनला लावून प्रती काढायच्या. चूक झाली तर लाल औषध लावून, फुंकर मारून वाळवावं लागे. अटक, घटस्फोट, नऊ बिलं, सगळं परत आलं. पावणेएकला पन्नास प्रती तयार. जेवणात आमच्या जनरल मॅनेजरांनी त्यातलं बरंचसं वाचून दाखवलं. टाळ्या झाल्या. त्या नऊ बिलांसाठी झाल्या की बिर्याणी आली म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण आमच्याच सेफ्टी मॅनेजरच्या, डंकन साहेबांच्या ट्रेमध्ये माझ्या हातचा आणखी एक बायोडेटा पडलेला होता. मुश्ताक परकारचा.

मुश्ताक दापोलीकडचा, फिटर. जवळच्या मआमीर गावात एका खोलीत सहा जणांबरोबर राहायचा. आधी तो एका छोट्या कॉन्ट्रॅक्टरकडे होता. तेलाची टाकी रिकामी केली तरी आत गॅस राहतो. मशीनने तपासल्याशिवाय माणूस आत सोडायचा नसतो, कारण आत गेलेला दोन मिनिटांत आडवा होतो. त्या दिवशी तपासणीचं मशीन आलं नव्हतं आणि फोरमनला घाई होती. मुश्ताक टाकीच्या तोंडाशी बसला आणि त्याने चौघांना आत जाऊ दिलं नाही. संध्याकाळी त्यालाच कामावरून खलास केलं. व्हिसा त्या कॉन्ट्रॅक्टरचा. महिनाअखेर दुसरी नोकरी नाही मिळाली तर घरचं तिकीट. आमच्याकडे सेफ्टी इन्स्पेक्टरची जागा निघाली म्हणून तो माझ्याकडे आला होता.

मी लिहिलं, 'कॉन्ट्रॅक्ट पूर्ण'.

"सावंतभाऊ, पण पुरा कुठं झाला?" मुश्ताक म्हणाला होता.

"गप रे. काढलेल्या माणसाला इथे कोण उभं करतो?"

"तुम्ही म्हणताय तर मफी मुश्किल, हरकत नाही. पण इंटरव्ह्यूत विचारलं तर माझ्याच्यानं खोटं बोलवणार नाही."

"नाही विचारणार."

खासदार मंगळवारी येऊन गेले. मुश्ताकचा इंटरव्ह्यू बुधवारी दुपारी होता. मधे माझ्याकडे सबंध सकाळ होती. डंकन साहेबांचा ट्रे माझ्यापासून वीस पावलांवर. तो कागद बदलायचा विचार माझ्या मनात आला, नाही असं नाही. दोनदा उठलो आणि दोनदा बसलो. स्वतःला समजावलं की मोठ्या माणसांना हरलेलं मिरवणं परवडतं, फिटरला परवडत नाही. खरं कारण दुसरं होतं. माझ्या हातचा बायोडेटा चुकला, हे मला कबूल करायचं नव्हतं.

इंटरव्ह्यू दहा मिनिटांत आटपला. मुश्ताक बाहेर आला तो शांत होता.

"त्यांनी विचारलं, का सोडलंस. मी सगळं सांगितलं," तो म्हणाला. "टाकीचं ऐकून साहेब खूश झाले, पुढं सरकून बसले. मग कागदाकडं बघितलं आन म्हणाले, इथं तर वेगळंच लिहिलंय. एक तरी खोटं आहे."

"मग? माझं नाव सांगितलंस?"

"कशाला? कागद माझा, सही माझी. मीच लिहून घेतलं म्हणालो." त्याने टोपी डोक्यावर घातली. "जाऊ दे, भाऊ. नशिबात तिकीट असंल तर तिकीट."

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. मला लाज वाटली, इतकी की समोरचं पत्र मी अर्धवट टाकून उठलो आणि थेट डंकन साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणालो, "सर, परकार बोलला ते खरं आहे. कागदावरचं खोटं माझं आहे."

साहेबांनी ड्रॉवर उघडला. आत आदल्या दिवशीची चार पानं होती. ती त्यांनी मुश्ताकच्या कागदाशेजारी ठेवली. दोन्हींत 'ई' हे अक्षर जरा वर उडालेलं. मशीन एकच, हे कोणालाही कळलं असतं.

"सावंत, काल तुम्ही एका म्हाताऱ्याची अटक टाइप केलीत. आज हा माणूस चार जीव वाचवून नोकरी घालवून आलाय, आणि ते तुम्ही लपवलंत?"

"ते मी त्या आधीच टाइप केलं होतं, सर."

"आणि आज सकाळी?"



त्यांनी कॉन्ट्रॅक्टरच्या फोरमनला फोन लावला. फोरमनने परकारला शिव्या घातल्या, आणि त्या शिव्यांतूनच मुश्ताकची गोष्ट खरी ठरली. तरी इन्स्पेक्टरची जागा त्याला मिळाली नाही. खोट्या कागदावर सही केलेल्या माणसाला सेफ्टीच्या कागदांवर सही करू देणार नाही, असं साहेब म्हणाले, आणि त्यात चूक काढता येणार नाही. त्यांनी त्याला होल वॉच म्हणून घेतलं. टाकीच्या तोंडाशी बसून आत जाणाऱ्या-येणाऱ्या माणसांवर नजर ठेवायची, एवढं काम. मुश्ताकने ते तीन वर्षं केलं, मग इन्स्पेक्टर झाला. तीन वर्षांचा तो उशीर माझा.

कंपनीच्या मशीनवर बाहेरच्यांचे कागद खोटे टाइप केल्याबद्दल मला वॉर्निंग लेटर मिळालं. अडचण अशी की ऑफिसात टायपिस्ट मी एकटाच. बेकर साहेबांनी तोंडी मजकूर सांगितला, मी शॉर्टहँडमध्ये घेतला आणि टाइप केला. शॉर्ट केला नाही.

पुढे दुसऱ्या कंपनीत अर्ज करताना मी माझ्या बायोडेटात ती ओळ घातली: एक वॉर्निंग लेटर, कारणासह. इंटरव्ह्यूत मला फक्त तिच्याबद्दलच विचारलं. माझा टायपिंगचा स्पीड कोणी विचारला नाही. नोकरी मिळाली.