तिची पावलं बघणारी माणसं

लोक मला म्हणतात, ‘एकटीनं पोरीला घडवलंस हो.’ पहिले दोन-तीन दिवस मी ते मुकाट ऐकून घेतलं, कारण कानाला गोड लागत होतं. आता ऐकवत नाही. मी एकटीनं काहीही केलेलं नाही. उलट माझ्याच पायी तिचं सगळं बुडणार होतं.

माझी मुलगी दहावीत आहे आणि चालण्याच्या शर्यतीत उतरते. धावण्याच्या नाही, चालण्याच्या. बघणाऱ्याला हसू येतं, कारण कंबर फार हलते. आमच्या सोसायटीतल्या बायका पहिल्यांदा बघून तोंडावर हात धरून हसल्या होत्या. पण नियम भारी कडक. एक ना एक पाय कायम जमिनीवर हवा, आणि पुढचा पाय टेकताना गुडघा सरळ हवा. ट्रॅकच्या कडेनं पंच उभे असतात आणि नुसत्या डोळ्यांनी बघतात. एखाद्या पंचाला वाटलं की पाय सुटला, तर त्याचं एक लाल कार्ड. तीन पंचांची तीन लाल कार्डं झाली की शर्यतीतून बाहेर, मग तुम्ही पहिल्या का असेना.

नववीत असताना ती अशीच बाहेर निघाली. त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढून गेले होते. पहिल्याच बाकावर बसले होते. शेवटच्या फेरीच्या आधी तिची तीन कार्डं भरली, एका पंचानं तिला लाल पाटी दाखवली आणि ती ट्रॅकवरून खाली उतरली. सगळ्यांसमोर. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन मी तिला वाट्टेल ते बोलले.

तेव्हा माझी जीभ फार तिखट झाली होती, हे मान्य करते. त्याच्या वर्षभर आधी माझा नवरा गेला. संशोधन संस्थेत नोकरीला होता. त्या नोकरीसाठीच आम्ही नागपूरहून बेंगळुरूला आलो होतो. दुपारी कामावरच छातीत दुखलं आणि संपलं सगळं. नंतर महिनाभर शेजारपाजारचे लोक डबे घेऊन येत. लिफ्टमध्ये बायका माझ्याकडे बघून हळूच ‘अय्यो पाप’ म्हणत, म्हणजे बिच्चारी. तो शब्द ऐकला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी डबे दारातूनच परत पाठवले. ‘आम्ही आमचं बघून घेऊ,’ असं तोंडावर सांगितलं. हळूहळू लोक यायचे थांबले. मला तेच हवं होतं, असं मी स्वतःला बजावत होते. सगळ्यांसमोर मी एकदाही रडले नाही, आणि त्याचा मला माजही होता.

मी बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात सुटे भाग तपासायचं काम करते. मारतहळ्ळीच्या नाक्यावर कंपनीची बस पावणेसहाला येते. मुलगी सव्वासहाला घराजवळच्या पार्कमध्ये सरावाला जाते, एकटीच. म्हणजे माझी समजूत तशी होती.

यंदा तिची राज्याच्या शालेय स्पर्धेसाठी निवड झाली. त्या निवडीच्या शर्यतीला मी गेले नव्हते. शाळेनं पालकांच्या संमतीचं पत्र मागितलं आणि मी सही करायला साफ नकार दिला. दहावीचं वर्ष, आणि परत तो तमाशा कोणी बघायचा? ती रडली नाही, भांडली नाही. पत्र फ्रिजवर चुंबकानं लावून ठेवलं आणि अभ्यासाला बसली.

चार दिवसांनी तिच्या पीटीच्या मॅडमचा फोन आला. ‘पत्राला अजून दोन दिवस थांबते. तुमच्या घरचे ताता येऊन गेले, फार विनवून गेले.’

ताता म्हणजे आजोबा. माझे सासरे आणि वडील दोघंही कधीच गेलेत. माझं डोकं फिरलं. कोण हा म्हातारा, आणि माझ्या मुलीसाठी शाळेत जाणारा हा कोण लागून गेला? तिला काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बस सोडली आणि तिच्या मागोमाग, अंतर ठेवून पार्कवर गेले.

तिथं जे बघितलं ते आधी कळलंच नाही. वळणावर माकडटोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ कमरेवर हात ठेवून उभे. बाकावर एक तरुण मुलगी मोबाईल धरून बसलेली. आणि पार्कच्या जाळीबाहेर, फुटपाथवर, टोपली घेऊन बसलेल्या फुलवाल्या अक्का. माझी मुलगी चालत होती आणि तिघांचे डोळे तिच्या पायांवर होते.

मी तडक म्हाताऱ्यांसमोर जाऊन उभी राहिले. हिंदी, कन्नड, जे तोंडाला येईल त्यात सुनावलं. तुम्ही कोण, कुणाला विचारून शाळेत गेलात, आम्ही मागितली होती का मदत? त्यांनी टोपी काढून हातात घेतली. ‘तप्पायितु, अम्मा,’ म्हणाले. चूक झाली. बस, एवढंच. मी भांडायला आले होते आणि समोर भांडायला कोणी नव्हतं.

तेवढ्यात मुलगी वळणावर आली आणि तिनं मला बघितलं. थांबली नाही, पण चेहरा उतरला आणि चाल एकदम वाढली. जाळीबाहेरून अक्का ओरडल्या, ‘कालु!’ कालु म्हणजे पाय.

‘सुटला,’ म्हातारे माझ्याकडे न बघता म्हणाले. ‘तुम्ही दिसलात ना, म्हणून. घाबरली की तिचा पाय सुटतो.’

नववीतली ती शर्यत, तो पहिला बाक. मला कुणी सांगायची गरज उरली नाही.

बाकावरची मुलगी उठून आली. पुण्याची निघाली, आयटीत होती, पलीकडच्या पीजीत राहायची. ‘काकू, बसा ना स्वल्प,’ म्हणाली, आणि सगळं तिनंच सांगितलं. ताता ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले. जन्मभर सरळ रेघा काढल्या, म्हणून गुडघा वाकला की त्यांना लगेच दिसतो. ही स्वतः स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढायची. पण सगळ्यात पक्की नजर अक्कांची. त्या जमिनीवर बसतात आणि जाळीतून त्यांना माणसांचे फक्त पाय दिसतात. पार्कातली निम्मी माणसं त्या चपलांवरून ओळखतात. नववीतल्या त्या शर्यतीनंतर मुलगी एकदा जाळीशी रडत बसली होती, तेव्हा अक्कांनीच तातांना हाक मारली. तेव्हापासून हे रोज चाललं होतं. ‘तिनं शपथ घातली होती आम्हाला,’ पुण्याची मुलगी म्हणाली. ‘आईला कळलं तर बंद होईल म्हणाली.’

खरं होतं. बंदच केलं असतं मी.

सही मी त्याच सकाळी केली. ताता मात्र तेवढ्यावर थांबले नाहीत. ‘सही करून भागणार नाही. तुम्ही रोज इथं उभ्या राहा. तुमच्यासमोर चालायची तिला सवय व्हायला हवी.’ मी साहेबांकडे महिनाभर दुसरी पाळी मागितली. नवरा गेल्यापासून कुणाकडे काही मागायची ती पहिली वेळ. त्यांनी ‘सरी’, म्हणजे बरं, म्हटलं आणि कामाला लागले. इतकं सोपं असतं ते, हे मला माहीतच नव्हतं.

पहिला आठवडा वाईट गेला. ती माझ्यासमोरून गेली की ‘कालु!’ परत आली की ‘कालु!’ अक्का बिचाऱ्या शांतपणे गजरे ओवता ओवता ओरडायच्या, आणि प्रत्येक हाक माझ्या काळजाला लागायची. माझ्या पोरीला माझी एवढी भीती बसली होती. एकदा घरी चहा पिताना मी तिला म्हटलं, ‘मी नववीत बोलले ते चुकलंच माझं.’ तिनं बिस्कीट चहात बुडवलं, ते तुटून आत पडलं, ती चमच्यानं शोधत बसली. मग म्हणाली, ‘हं.’ दुसऱ्या दिवशी काही जादू वगैरे झाली नाही. तिसऱ्या आठवड्यात हाका कमी झाल्या. मग एका सकाळी ती माझ्यासमोरून सात वेळा गेली आणि अक्का एकदाही ओरडल्या नाहीत. तातांनी नुसती मान हलवली.

स्पर्धा म्हैसूरला होती. ताता, अक्का, कुणालाच येता येण्यासारखं नव्हतं. मी गेले आणि मुद्दाम पुढे, कठड्याला धरून उभी राहिले. प्रत्येक फेरीला ती समोरून जायची आणि मी तिच्या पावलांकडे बघायची. चेहऱ्याकडे बघायची हिंमत नव्हती. शेवटच्या फेरीत दोघी तिच्या पुढे होत्या. मला वाटलं, आता ही घाई करणार. तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. चाल तीच ठेवली. तिसरी आली.

मी कोपऱ्यात जाऊन तातांना फोन लावला. कितवी आली, हे त्यांनी विचारलंच नाही.

‘लाल किती?’

‘एकही नाही.’

पलीकडे त्यांनी कुणाला तरी मोठ्यानं सांगितलं, आणि रस्त्यावरच्या गाड्यांच्या आवाजातून अक्कांचं हसणं ऐकू आलं. मी आभार मानायला तोंड उघडलं. बसमध्ये वाक्यं जुळवून ठेवली होती, कन्नडमध्ये. त्यातलं एकही बाहेर आलं नाही. मी रडायला लागले. आजूबाजूला माणसं होती, पोरं होती, मॅडम होत्या. नवरा गेला तेव्हा जे रडायचं राहिलं होतं ते सगळं, तिथं उभ्या उभ्या, एका परक्या म्हाताऱ्याच्या कानात.

त्यांनी फोन ठेवला नाही. रडू नका म्हणाले नाहीत, का रडता हेही विचारलं नाही. ‘इद्दीनि, अम्मा,’ एवढंच मधूनमधून म्हणत राहिले. आहे मी. आहे.