टाळ्यांवर विश्वास नसलेला माणूस

हिराजीकाकांनी चाळीस वर्षं नाटकांचे पडदे ओढले, पण समोर बसून एकही नाटक पाहिलं नाही. विंगेत उभे असतानाही त्यांचं तोंड रंगमंचाकडे नसायचं. पडद्याच्या कडेला बोटभर फट ठेवून ते प्रेक्षकांकडे बघत राहायचे. वसईच्या आमच्या हौशी नाट्यसंघात मी नवीन होते, तेव्हा एकदा न राहवून विचारलं, "काका, नाटक इकडे चाललंय. तुम्ही तिकडे काय बघता?"

"नाटक मला पाठ हाय," ते म्हणाले. "दर खेपेला नवीन असतात ती समोरची मानसं. आनि सोंगं तीच जास्त करतात."

ते वसईजवळच्याच गोखिवरे गावचे. घरची भातशेती होती, ती हळूहळू आक्रसत परसातल्या भाजीपुरती उरली होती. दिवसा ते एका कारखान्यात लेथवर काम करत आणि संध्याकाळी सायकलवरून तालमीला येत. अंगाने काटकुळे, बोलणं कमी, आणि तळहातावर दोरीने पडलेला जाड घट्टा. पडदा मात्र असा ओढायचे की नटाचा शेवटचा शब्द आणि पडद्याची खालची कड एकाच क्षणी जमिनीला टेकायची. संघातले बाकीचे सगळे प्रेक्षकांना 'रसिक मायबाप' म्हणायचे. काका त्यांना 'गिऱ्हाईक' म्हणायचे.

त्यांच्याकडे प्रेक्षकांच्या जाती ठरलेल्या होत्या. प्रमुख पाहुणा हसला की हसणारे. शेजाऱ्याचे हात हलताना बघून टाळ्या वाजवणारे. करुण प्रसंगात बायकोकडे वळून 'बघ, मला रडू आलं' असं दाखवणारे. "खरं ऐकनारा मानूस लय वाईट दिसतो," असं त्यांचं मत होतं. "तोंड उघडं, खांदे पडलेले. त्याला आपन कसे दिसतो याची शुद्ध नसते. असा एक जरी सापडला तरी मी घरी जाऊन दोन घास जास्त जेवतो." चाळीस वर्षांत असे किती सापडले, असं विचारल्यावर ते म्हणाले, "मी बारीकच हाय बघ."

तीनेक वर्षांपूर्वी संघाने जगातल्या गाजलेल्या नाटकांतल्या स्वगतांचा आणि भाषणांचा एक कार्यक्रम केला. त्यात चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रज नाटककाराचं एक भाषण होतं. त्याचं नाव निघालं की आमचे दिग्दर्शक खुर्चीत सरळ बसायचे. एका सत्ताधीशाचा खून झालेला असतो आणि त्याचा मित्र प्रेतापाशी उभा राहून जमावाशी बोलतो. खुन्यांना तो पुन्हा पुन्हा सज्जन म्हणतो, आणि दर वेळी तो शब्द थोडा आणखी कडू करत नेतो. ज्या जमावाने आधी खुन्यांचा जयजयकार केला, तोच शेवटी त्यांची घरं जाळायला धावतो. हे भाषण बाईने करायचं असं ठरलं आणि ते माझ्याकडे आलं.

दोन महिने मी घरात दुसरं काही बोललेच नाही म्हणा. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, प्रेतावरची चादर कधी ओढायची, सगळं घोटून ठेवलं होतं. प्रयोगाच्या संध्याकाळी ते जमलंही. शेवटच्या वाक्यानंतर सभागृहात सगळे उभे राहिले. सगळे म्हणजे अक्षरशः सगळे. पहिल्या रांगेत आमच्या सोसायटीचे चेअरमन सावंत रुमालाने डोळे पुसत होते. ग्रीनरूममध्ये येऊन त्यांनी माझे हात हातात घेतले. "मेधाताई, अंगावर काटा आला. साधी माणसं कशी बहकतात, ते आज कळलं. हे शाळाशाळांतून दाखवलं पाहिजे." एका निवृत्त प्राध्यापकांनी 'वैश्विक' हा शब्द चार वेळा वापरला. एका बाईंनी सगळं भाषण मोबाईलवर घेतलं होतं आणि घरी गेल्यावर नीट बघणार होत्या.

मी तरंगतच विंगेत गेले. काका दोरी गुंडाळत होते.

"काका, बघितलंत ना? सगळे उभे राहिले."

"बघितलं. पहिला सावंत उठला. मग त्याच्या बाजूचे उठले. मग मागच्यांना दिसेना, म्हनून ते उठले."

"आणि तिसऱ्या रांगेतल्या निळ्या साडीवाल्या बाई? त्या रडत होत्या."

"ती पडदा उघडायच्या आधीपासून रडत व्हती. तिच्या घरी काय झालंय कोन जाने."

मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही. मी चिडून विचारलं, "म्हणजे एवढ्या लोकांत कुणीच ऐकत नव्हतं?"

"यमुना ऐकत व्हती." यमुनाकाकी म्हणजे त्यांची बायको. त्या दिवशी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या. "पन ती घरची, तिला धरू नको. तिने मला आत येऊन विचारलं, एवढी मानसं पेटवली, मग त्यांनी मारलं कोनाला? मी सांगितलं, नाटकात पुढं असं हाय की वाटेत एक गरीब मानूस सापडतो, त्याचा काय संबंध नाय, त्यालाच मारतात. तर ती म्हनाली, मग हे टाळ्या कशाला वाजवतायत?"

खरं तर त्या संध्याकाळी सभागृहात निघालेला तेवढाच एक शहाणा प्रश्न होता. पण मला तेव्हा प्रश्न नको होते, कौतुक हवं होतं. मी म्हणाले, "काका, तुम्ही जन्मात कधी विंगेच्या पुढे आला नाहीत. दोरी धरून उभं राहणाऱ्याला अभिनयातलं काय कळणार?"

त्यांनी दोरीला गाठ मारली. "ते बी खरंच," म्हणाले आणि सायकल काढून गेले. त्यानंतर मी तालमीत त्यांच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. ते पूर्वीइतकंच बोलत होते, म्हणजे फारसं नाहीच.

यमुनाकाकी आमच्याच सोसायटीच्या गेटपाशी भाजी घेऊन बसायच्या. परसातलं अळू, वालाच्या शेंगा, केळफूल, गावठी भेंडी, कधी उन्हात वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी. सकाळी सात ते साडेनऊ, मग टोपली डोक्यावर घेऊन चालत गोखिवऱ्याला परत. मी राहायला आले त्याच्या आधीपासून त्या तिथे होत्या.

कार्यक्रमानंतर चारेक महिन्यांनी सोसायटीची वार्षिक सभा झाली. रविवारी सकाळी, खालच्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. शेवटून दुसरा विषय होता 'प्रवेशद्वाराजवळील विक्री'. सावंत बोलायला उभे राहिले.

"यमुनामावशी मला आईसारख्या आहेत," त्यांनी सुरुवात केली. "त्यांच्या हातचं अळू माझ्या घरी दर आठवड्याला येतं. त्या कष्टाळू आहेत, प्रामाणिक आहेत, त्याबद्दल दुमत नाही. मी त्यांच्याविरुद्ध एक शब्दही बोलणार नाही." इथे ते थांबले. "फक्त एवढंच विचारतो, उद्या दुसरं कुणी टोपली घेऊन आलं, तर त्याला आपण कोणत्या तोंडाने नाही म्हणायचं?" मग पुन्हा मावशींचं कौतुक, आणि त्याच्या शेपटीला सुरक्षा. पुन्हा कौतुक, आणि शेपटीला गेटवरची गर्दी. पाच मिनिटांत मावशींचा प्रामाणिकपणा हाच सोसायटीपुढचा सगळ्यात मोठा धोका होऊन बसला.

दुसऱ्या मजल्यावरचा एक तरुण म्हणाला, "अंकल, एन्ट्रन्सचा लुकपण खराब होतो ना." पिशवी भरून शेंगा नेणाऱ्या एक बाई म्हणाल्या, "भाजी चांगली असते हो तिची, पण शिस्त म्हणजे शिस्त." नाटकाला ही सगळी माणसं होती. उभं राहून टाळ्या वाजवणाऱ्यांत होती. गेटपाशी विक्री बंद, या ठरावाला हात वर करा म्हटल्यावर हात वर झाले, आणि मग टाळ्याही झाल्या.

आणि मी काय करत होते? मी सावंतांच्या थांबण्याच्या जागा बघत होते. कौतुक आणि वार यांच्यामधला त्यांचा तो विराम माझ्यापेक्षा चांगला होता, असं मला वाटलं. एक बाई तिच्या जागेवरून उठवली जात होती आणि मी आवाजाच्या चढउताराला मनातल्या मनात दाद देत बसले होते. इतरांना नावं ठेवताना मी हे विसरत नाही.

सोमवारी काकी आल्या, तर वॉचमनने त्यांना परत पाठवलं. मंगळवारी संध्याकाळी मी गोखिवऱ्याला गेले. काका ओट्यावर बसून विळ्याची मूठ घट्ट करत होते. काकींनी आतून विचारलं, "चहा टाकू?" जसं काही झालंच नव्हतं.

"हात किती वर झाले?" काकांनी विचारलं.

"जवळजवळ सगळे."

"तुझा?"

"माझा वर नव्हता, काका."

"मग कुठं व्हता?"

मी ओट्याच्या कडेला बसले. मग म्हणाले, "मांडीवर."

"हां," ते म्हणाले. "मांडीवर." ते पुन्हा मुठीकडे वळले. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. काकींनी चहा आणून दिला. तो मी कसाबसा प्यायले आणि निघाले.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी विशेष सभेसाठी सह्या गोळा करत दारोदार फिरले. लोकांनी सह्या दिल्या, कारण सही करायला चारचौघांत हात वर करावा लागत नाही. "बिचारीचं वाईट झालं," असं म्हणाले आणि दार लावून घेतलं. त्या 'वैश्विक' म्हणणाऱ्या प्राध्यापकांचे एक जुने विद्यार्थी आमच्या इमारतीत राहतात. ते म्हणाले, "तत्त्वतः मी तुमच्याबरोबर आहे," आणि सभेच्या दिवशी बाहेरगावी गेले.

सभा पुन्हा त्याच पार्किंगमध्ये भरली. तिथे मी बोलले ते फार वाईट बोलले. लिहून नेलेला कागद वाचवेना, म्हणून खिशात घातला. "लॉकडाऊनमध्ये," मी म्हणाले आणि अडले. "लॉकडाऊनमध्ये काकी चालत येत होत्या. आपण वरून दोरीने पिशव्या सोडत होतो. त्या भरून देत होत्या. तेव्हा एन्ट्रन्सचा... तेव्हा कुणी काही म्हणालं नाही. मागच्या सभेत मीही काही म्हणाले नाही. त्याची मला लाज वाटते." आवाज नको त्या जागी चिरकला. पुढे काय बोलायचं ते आठवेना, म्हणून "एवढंच" म्हणून बसले. कुणीतरी खोकलं. एकाने मोबाईल बघितला. सावंत म्हणाले, "मेधाताईंच्या भावनांचा आपण आदर करतो," आणि मतदान घेतलं. माझ्या बाजूला अकरा हात होते. ठराव कायम राहिला.

ते अकराजण मात्र दुसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन रस्त्यापलीकडे गेले. तिथल्या औषधाच्या दुकानदाराने काकींना पायरीशी बसायची जागा दिली होती. त्याला आमच्या ठरावाशी देणंघेणं नव्हतं. आठवड्याभराने सावंतांची बायको रस्ता ओलांडून आली, कुणाकडे न बघता अळूची जुडी घेतली आणि पदराखाली धरून घरी गेली.

मी काकांना सांगायला गेले, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय झालं सभेचं?"

"हरले."

"टाळ्या?"

"एकही नाही."

"बस. चहा घे," म्हणाले. एवढंच. मला वाटलं होतं, काहीतरी बोलतील. पण कौतुक हा शब्द त्यांच्या घरात कुणी आणलाच नव्हता.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर हिराजीकाका वारले. दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. संघाने शोकसभा घेतली. त्यात त्यांना 'रंगभूमीचा मूक सेवक' म्हटलं गेलं. मूक म्हणे. चाळीस वर्षं हा माणूस दर प्रयोगानंतर आमची पिसं काढत होता आणि आमच्यातल्या कुणालाही त्यातलं एक वाक्य आठवत नव्हतं. दोन मिनिटं शांतता पाळायची होती. पाऊण मिनिटात बटाटेवडे आले.

मी तिथून उठून गोखिवऱ्याला काकींकडे गेले. त्या ओट्यावर शेंगा निवडत होत्या. मीही त्यांच्याबरोबर निवडायला बसले. बोलता बोलता शोकसभेचा विषय निघाला. मी म्हणाले, "काकांना मी फार वाईट बोलले होते. त्या नाटकाच्या दिवशी. माफी मागायची राहून गेली."

"मागितलीस की," काकी म्हणाल्या.

"कधी?"

"तुमच्या सोसायटीच्या त्या दुसऱ्या सभेला ते आलेले. गेटाच्या बाहेर, वॉचमनच्या खोलीमागं उभे व्हते. तुला सांगू नको म्हनाले, म्हनून नाय सांगितलं." काकींनी किडकी शेंग बाजूला टाकली. "घरी आले आनि म्हनाले, आज ती अडखळली गं. पाठ नसलेलं बोलत व्हती."

"अजून काय म्हणाले?"

"काय नाय. जेवले. भात दोनदा मागून घेतला."