रशीदभाईंची लाल पेन्सिल

त्या दुष्काळात दिंद्रुडजवळच्या आमच्या गावी, दूध संस्थेत दूध रोज कमी यायचं, किस्से मात्र उतू जायचे. कॅन रिकामे असले की माणसं बोलत बसतात! मी निवृत्त प्राध्यापक, नावापुढं डॉक्टरेट. तरी किस्सा सांगताना वाटतं, आपल्याला जमतंय का? चुकलं तर सांभाळून घ्या.

किस्से सगळे रशीदभाईंचे. उर्दू शाळेचे मास्तर. स्वतः गझला लिहायचे आणि दुसऱ्यांच्या गझलांवर मासिकांतून टीका. त्यांच्यातला कवी लिहायचा, टीकाकार लाल पेन्सिलीनं खोडायचा! पुस्तक काढा म्हटलं की गझलांचं बाड आणखी बारीक व्हायचं. आम्हाला धास्ती, एक दिवस नुसता पुठ्ठाच उरणार.

*

एकदा त्यांनी एका मासिकाला चार गझला धाडल्या. सोबत, दुसऱ्याच नावानं, त्याच गझलांवर टीकालेख! 'या कवीनं अजून पुष्कळ वाचायला हवं' वगैरे.

संपादकानं टीका छापली आणि गझला परत पाठवल्या.

मी हळहळलो. रशीदभाई खूश! "सर, संपादकाला समज आहे!"

*

गझलेच्या शेवटच्या शेरात कवीचं टोपणनाव यायला हवं. रशीदभाईंना एकही टोपणनाव पसंत पडेना. म्हणून तेवढी जागा मोकळी ठेवायचे आणि वाचताना तिथं टेबलावर टकटक करायचे.

एकदा अशीच टकटक झाली. दूध मोजणारा गणपत पेंगत होता. दचकून उठला आणि ओरडला, "हजर!"

महिनाभर आम्ही त्या गझलेला गणपतची गझल म्हणत होतो.

*

एका सकाळी रशीदभाईंच्या बेगम, आमच्या भाभी, म्हशीचं दूध घालायला आल्या. रशीदभाई वाचत होते. भाभींनी किटली खाली ठेवली.

"हर शेर में दर्या! और घर में लोटाभर पानी नई!"

आम्ही हसलो. रशीदभाई हसले नाहीत. "टीका बरोबर आहे," म्हणाले आणि पेन्सिल काढली. दर्या गेला, नदी गेली, झरेही गेले. बाड निम्म्यावर आलं. दुष्काळानं शेतं खाल्ली, भाभींनी गझला!

*

पाण्याचा टँकर आला की बैठक मोडायची. रशीदभाई रांगेतही शेर घोळवत उभे. ओळ जुळेना म्हणून डोळे मिटलेले. पुढची रांग सरकली, हे मात्र जागेवरच.

मागून एक म्हातारी कडाडली, "भाईजान, शेर सरकत नसंल तर हंडा तरी सरकवा!"

*

त्या वर्षी संस्थेच्या वार्षिक सभेत सांगण्यासारखं काहीच नव्हतं. चेअरमन तात्या म्हणाले, "रशीदभाई, तुमीच काईतरी वाचा. लोक शिव्या तरी देणार न्हाईत."

रशीदभाई उरलंसुरलं बाड घेऊन आले. खिशात पेन्सिल. माझ्या कानात म्हणाले, "सर, आज फैसला. ज्या शेराला दाद नाही, तो खोडणार." समोर बसलेली माणसं चाऱ्याच्या काळजीत. दाद कोण देणार?

त्यांनी वाचलं,

"बादल का क्या भरोसा, आए, कभी न आए
हम बीज ले के बैठे मिट्टी जगा रहे हैं"

सभेत आल्यावर काय ओरडायचं, हे सभासदांना पाठ होतं. मंडपातून एकदम आवाज उठला, "मंजूर! मंजूर!"

दुसरा शेर. "मंजूर!" तिसरा. "मंजूर!" बाड संपलं, पेन्सिल खिशातच!

रशीदभाई कासावीस. "अहो, ही काय दाद झाली? यातले निम्मे खोडायचेत मला!"

"का म्हून?" तात्या म्हणाले. "सभेनं मंजूर केलेलं तुमाला खोडता येतंय व्हय? आता पुस्तकाचा ठरावच घिऊ. सूचक कोण?"

मीही सभासद; माझा हात वर गेला. खाली घ्यावा की काय, या विचारात होतो, तोवर सेक्रेटरीनं नाव लिहूनही टाकलं.

"माझी हरकत आहे!" रशीदभाई उठले.

"तुमी सभासद हाय का?"

"घरी म्हैस आहे की!"

"म्हैस भाभींच्या नावावर हाय. बसा खाली! हां, अनुमोदक कोण?"

बायकांच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "मैं! लिख लेव, तात्या!"