बिनआकड्यांचा पुठ्ठा

शिवणवाल्या ताईंची बचत त्यांच्या नवऱ्याने नेली, पण त्याला वाट दाखवली मी. पतपेढीत नवा होतो, शिकलेला होतो, हात शिवशिवत होते. पैसे भरले की लगेच मोबाइलवर मेसेज जाईल अशी सोय करून दिली. घरात मोबाइल एकच आणि तोही नवऱ्याच्या खिशात, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मेसेज वाचून त्याने ताईंना काउंटरवर आणलं आणि सगळं खातं रिकामं करायला लावलं. आठवड्यात आणखी अकरा बायकांनी खाती बंद केली. साहेब म्हणाले, असंच चाललं तर महिनाअखेर बायकांचा काउंटर बंद.

मी बारा पानी योजना लिहिली. साहेबांनी ती जांभया देत चाळली.

तेवढ्यात मावशी पुठ्ठ्याचा तुकडा आणि दाभण घेऊन केबिनमध्ये आली. मावशी म्हणजे आमची झाडलोट आणि चहा. बावीस वर्षं इथली फरशी पुसणारी. कोणाचे पैसे पदराच्या गाठीत, कोणाचे चपलेत, तिला सगळं ठाऊक. बंद झालेल्या खात्यांच्या बारा घरी ती आधीच जाऊन आली होती.

"साहेब, पुठ्ठ्यावर नाव नको, आकडा नको. एकदा भरले की एक भोक. हिशेब आपल्या वहीत. नवऱ्याला सापडला तरी त्याला पुठ्ठाच दिसेल."

साहेब तिला म्हणाले, "बसा." खुर्चीवर! सात महिन्यांत मला कोणी बसा म्हटलं नव्हतं.

मी खोडा घातला. एखादीचा आठवडा चुकला तर? मावशी म्हणाली, शेजारीण तिच्या नावाने भरेल, ती जमेल तेव्हा फेडेल. असा नियम कुठेच नाही, म्हणालो. नसेल तर लिहा, साहेब म्हणाले. म्हणजे तिचे नियम सुवाच्य अक्षरात लिहायचं काम माझ्याकडे आलं.

एकेक करत नऊ जणी परतल्या. शेवटी ताई आल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी आपला नवा पुठ्ठा भोक पाडायला मावशीच्या हातात दिला. काउंटर वाचला. मला मात्र आतून नुसती जळजळ. मावशीचा नियम फसलेला दाखवायचाच म्हणून मीही एक पुठ्ठा घेतला, टेबलाच्या खणात ठेवला आणि चौथ्या आठवड्याची दहाची नोट मुद्दाम भरली नाही.

सोमवारी पाहतो तर पुठ्ठ्यावर चौथं भोक.

"मावशी, हे कोणी भरलं?"

"मीच की. मुद्दाम चुकवलंस, ते कळतं मला. ताईंचाही पहिला आठवडा मीच भरला होता, तुझ्या त्या मेसेजपायी."

ताईंनी तिचे पैसे कधीच फेडले. माझी दहाची नोट अजून पाकिटात आहे. रोज देईन म्हणतो. रोज मावशी चहा ठेवते, टेबल पुसते आणि काहीच न मागता पुढे जाते.